नराचा तुरा आणि माझी मिशी

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार
चौतीस वर्षं वाया घालवली. आज गंगापूर धरणावर डोळे उघडले. शुभांगी (झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवते, रविवारी आम्हाला पक्षी दाखवते) सांगत होती की नराचा रंग आणि तुरा म्हणजे त्याचं मेडिकल सर्टिफिकेट. अंगात रोगराई असली की रंग विटतो. कोंबड्याचा तुरा लाल करणारं हार्मोन म्हणे प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून तो थाट ठणठणीत नरालाच परवडतो. मादी हे बघून निवडते. पुढे 'पण' म्हणून ती बरंच काही बोलली, तोवर मी स्वतःच्या शर्टाकडे बघत होतो. राखाडी. कंपनीचा.
बोलताना दोनदा माझ्याकडे बघितलं. मला 'सोमनाथदादा' म्हणते. शिक्षिका आहे, सवय असते.
संकल्प: ३१ डिसेंबरच्या आत तिला लग्नाचं विचारायचं.

२४ नोव्हेंबर
सातपूर, फर्स्ट शिफ्ट. शेजारच्या मशिनवरच्या दिनेशला थिअरी सांगितली. म्हणाला, आधी तिच्याशी बोल तरी. याचं लग्न बाविसाव्या वर्षी मामाने जमवलं. याला स्पर्धा काय कळणार!

३० नोव्हेंबर, रविवार
पिवळाधमक शर्ट. आम्ही काठावर पोचायच्या आत सगळी बदकं उडाली. शुभांगी म्हणाली, पुढच्या वेळी मळकट काहीतरी घाला. म्हणजे शर्ट तिच्या नजरेत भरला.
गोटीराम मात्र कायम मळकटच. हा देवळ्याचा, वही घेऊन पक्षी मोजतो. स्वेटर कांद्याच्या चाळीतून काढल्यासारखा, नाक बारा महिने वाहतं. 'लय बदकं व्हती, गेली,' एवढंच बोलला. इम्युनिटी शून्य. स्पर्धेतून बाद.

३ डिसेंबर
प्रतिकारशक्तीसाठी रोज पहाटे गार पाण्याने आंघोळ. आयुष्यभर.

५ डिसेंबर
ताप. आंघोळीशी काही संबंध नाही, हवा बदलली.

७ डिसेंबर, रविवार
गेलो नाही. आजारी नराने मादीसमोर जाऊ नये.

१४ डिसेंबर, रविवार
फेटा बांधून गेलो! मामेभावाच्या लग्नातला, लाल, वीतभर तुरा. वाऱ्यावर असा फडफडला की पलीकडच्या काठावरचे पक्षीसुद्धा उठले. मालनबाईंनी (रिटायर्ड नर्स, ग्रुपमध्ये सगळ्यात मोठ्या) वरात कुठे चालली म्हणून विचारलं. शुभांगीने मला गाड्यांपाशी सगळ्यांच्या बॅगा सांभाळायला बसवलं. विश्वास असल्याशिवाय कोणी बॅगा देत नाही.

२० डिसेंबर, संध्याकाळ
मिशीत चार केस पांढरे. डाय आणला. पाकिटावर लिहिलंय, अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे लावून बघा. उद्या रविवार, अठ्ठेचाळीस तास कुठून आणू? लावला.

२१ डिसेंबर, सकाळी ५
वरचा ओठ सुजलाय. भरदार दिसतो.

दुपारी १
विचारायचं राहिलं. धरणावर मालनबाईंनी तोंड बघितलं आणि गाडीत घालून दवाखान्यात नेलं. शुभांगीही आली. अ‍ॅलर्जी. डॉक्टर म्हणाले, तुमची प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्तच जोरात आहे. शुभांगीसमोर म्हणाले! कोंबड्यालासुद्धा असं सर्टिफिकेट कोणी देत नसेल.

२८ डिसेंबर, रविवार
डॉक्टरांनी मिशी काढायला लावली. बाकी सगळे कपडे धुवायला, म्हणून राखाडी शर्ट. आज एकही पक्षी उडाला नाही. दुर्बिणीतून पहिल्यांदाच बदक नीट बघितलं. फार देखणं असतं.
मनाशी वाक्य जुळवलं. पुढे झालो तर शुभांगीच पेढ्यांचा डबा घेऊन आली. तिचा आणि गोटीरामचा साखरपुडा झाला.
न राहवून विचारलं, मग त्या तुऱ्याचं काय? म्हणाली, त्याच दिवशी 'पण' म्हणून सांगितलं होतं ना, सगळ्या पक्ष्यांत तसं नसतं, काही माद्या साध्या नरालाही निवडतात. आणि गोटीराम? तो गप्प बसतो, पक्षी बघू देतो, म्हणाली. तेवढ्यात तो शिंकला. तिने स्वतःचा रुमाल दिला. बदकं जागची हलली नाहीत.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. पेढा चांगला होता, दुसरा मागितला.
निघताना ती म्हणाली, लग्नाला तो लाल फेटा नक्की बांधून या, दादा.
हो म्हणालो.