हळदीचं नख

विजयामामी,

नमस्कार लिहायचं मन नाही.

खुर्सीपारच्या आपल्या पार्लरात ती नवरी आली, तवाच तिचं नख पिवळं अन् उचललेलं होतं. मी म्हटलं, इन्फेक्शन दिसते, डॉक्टरकडे पाठव, वरून नकली नख नको लावू. तू हसली, "हळदीचा रंग आहे वं!" अन् लावलंच. मग तिची नखं घासलेल्या फाइलनंच लाडानं माहीही नखं घासून दिली.

नवरीचं नख सडलं. तिची आई भांडाले आली, तवा तू माहा सुजलेला अंगठा धरून सगळ्यांले दाखवला, "इच्यापासूनच लागलं."

काम तूच शिकवलं होतं, म्हणून त्या फाइलचं नाव मी घेतलं नाही.

आता माह्या अंगठ्याले नवीन नख येऊन राहिलं. पण काल आईनं मेंदी लावाले हात धरला, तर मी झटक्यानं ओढून घेतला.

भाची लिहीत नाही, नुसतीच
उन्नती