उंबऱ्यातले खिळे

नाशिक, रविवार, मार्च १९७८

नव्या घराच्या दारासाठी कंत्राटदाराने आणलेलं लाकूड ओलं निघालं, म्हणून मीच हट्टाने जुन्या बाजारातून एका पाडलेल्या घराची सागवानी चौकट आणली. आज ती बसवली. हळदकुंकू वाहायला ही वाकली आणि तशीच थांबली. उंबऱ्यात खिळे ठोकलेले. बाळंतपणात गेलेली बाई घरात परतू नये म्हणून ठोकतात, तसे.

आणि पावसाळ्यात आपली सुमन याच घरात बाळंतपणाला येणार! काय आणून बसवलं मी हे?

हिला बाजूला घेऊन समजावतोय, तोवर सुताराने खिळे उपटलेही. हसत म्हणाला, "लय गंजले होते साहेब. वहिनींच्या पायात घुसले असते."

आता नुसती भोकं उरली आहेत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मग निघेपर्यंत त्या भोकांवरून बोट का फिरवत होतो?

घरी आल्यावर म्हटलं, उद्या दुसरी चौकट बघतो. ही म्हणाली, "राहू द्या. स्वतःच्याच दाराबाहेर किती वर्षं उभी असेल ती. येऊ दे आत."