साहिलच्या दप्तरातली चिठ्ठी

६ डिसें., शनि.
मूर्तींच्या कारखान्यात दांडी. मालक बोंबलणार, बोंबलू दे, गणपतींना ढीग महिने आहेत. सकाळच्या गाडीने पेणहून रोहा. शाळेच्या पोरांना फुकट कबड्डी शिकवतो ती कुणासाठी, हे शिपायालाही ठाऊक आहे. फक्त म.ला नाही. (मनाली अख्खं लिहिलं की अक्षर बिघडतं.) ती विज्ञानाची मॅडम, मी बी.एस्सी. अर्धी टाकलेला. आज म्हणाली, "कोच, ओरडा कमी, पाणी पाजा जास्त." दिवसभर तेच कानात.
साहिलचा खांदा दुखतोय. दहावीतला, आपला एकमेव चढाईवाला. "दादा, तुझी ती गोळी हाय का?" माझ्या ऑपरेशनच्या वेळची, दुखणं मारणारी, अफूच्या जातीची. अर्धी दिली. आम्हालाही मोठी पोरं सामन्याआधी अशीच द्यायची.

१० डिसें.
जिंकलो! म.ने उभं राहून टाळ्या वाजवल्या. साहिल पुन्हा गोळी मागत होता. माझी डॉक्टरांची चिठ्ठीच देऊन टाकली त्याला. गडबच्या पुढचा मेडिकलवाला तारीख बघत नाही.

१७ डिसें.
मधल्या सुट्टीत साहिल बाकावर झोपलेला. उठेना. घशातून घरघर. सगळे "फीट, फीट". पीटीचे सर म्हणाले कांदा आणा. मी बूट काढून नाकाला लावला. मीच. ओठ जांभळे. म. धावत आली, बूट भिरकावला, तोंडाने श्वास देत राहिली.
दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "काय घेतलंय याने?"
मला माहीत होतं. म. शेजारी उभी होती.
"फीट आलीय," म्हणालो.
त्यांनी फिटचं इंजेक्शन दिलं. म.ला पटलं नाही. शाळेत परत गेली, त्याच्या कंपासमधून गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन आली. मग डॉक्टरांची धावपळ, त्या गोळ्यांवरच्या उताऱ्याचं इंजेक्शन, अँब्युलन्स. मध्ये किती वेळ गेला ते...

१८ डिसें.
मेडिकलवाल्याची कॉलर धरली. काउंटरची काच फोडली. तो शांतपणे म्हणाला, "चिठ्ठीवर नाव कुणाचं होतं रे?" कॉलर सुटली हातातून.
संध्याकाळी म.चा फोन. पहिल्यांदाच. "मारामारी केलीत म्हणे. बरं केलंत."

२१ डिसें., रवि.
अलिबाग. साहिल मशीनवर. मेंदूला हवा कमी पडली म्हणतात. त्याच्या आईने दप्तरातून घडी केलेला कागद काढून दिला. "इंग्रजीत हाय, मला नाय कळत. बघ रे, कामाचा हाय का."
खिशात घातला. म्हणालो, "नाय काकी, जुना हाय."
"गुणाचा हायस तू. रोज येतोस."

२३ डिसें.
म.ने शाळेत तक्ते लावलेत : झोपेतून उठत नसेल, घोरत असेल, ओठ निळे असतील तर बूट नको, कांदा नको, श्वास द्या, अँब्युलन्स बोलवा. शाळेच्या कपाटात ते उताऱ्याचं औषध ठेवू द्या म्हणून अर्ज केलाय. वरून उत्तर नाही, येणारही नाही.
"कोच, उद्या पोरांशी तुम्ही बोला. पहिली गोळी कुणी दिली, कुणीच सांगत नाहीये. तुम्हाला सांगतील."
पोरांना सगळं माहीत आहे. माझ्यासाठी गप्प आहेत.

२४ डिसें.
गाडी कासूला थांबलीये. म.चा मेसेज : "निघालात ना? पोरं बसलीत." चिठ्ठी हातात आहे, माझं नाव ठळक. खिडकी उघडी. बाहेर वारा आहे, सोडली तर पार खाडीपर्यंत जाईल.
गाडी हलली. चिठ्ठी अजून हातात आहे.