बसणं बाकी आहे

ब्राह्मणपुरी,
३० जून

प्रिय मोहिनी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाची फुलं पाठवणाऱ्या आईला स्पीड पोस्टाची आठवण कशी झाली, असं भावेशरावांनाही म्हणशील. घाबरू नकोस. मी बरी आहे, पप्पा बरे आहेत, केळीचे घड यंदा चांगले भरलेत. पप्पा चार दिवसांपासून माझ्याशी बोलत नाहीत, पण त्याचं कारण पुढे येईलच. जे लिहायचं आहे ते फोनवर सांगायला मी तीनदा बसले आणि तीनदा 'जेवलीस का' एवढंच विचारून फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात तू भाग्येशबद्दल बोललीस तेव्हा किती चिडली होतीस! सुरतेच्या त्या शाळेने त्याला दोन दिवस घरी बसवलं, वर्गातल्या मुलाला ढकललं म्हणून. त्या मुलाने आधी याची वही फाडली होती, ते कुणी विचारलंच नाही. तू म्हणालीस, "आई, एकदा तरी समज द्यायची ना? त्याचं ऐकून तरी घ्यायचं? शाळेला काही नियम असतात की नाही? तू मुख्याध्यापिका आहेस, तूच सांग." मी म्हणाले, असतात. मग कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता, बेटा.

आमच्या शाळेत तर आता नियमांचं नवं कौतुक चाललंय. तुला फोटो पाठवले होते ना, चित्रकलेच्या खोलीत सतरंजी अंथरून गोल बसलेल्या मुलांचे? दोन वर्षांपूर्वी पुण्याहून प्रशिक्षण द्यायला दोन मुली आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, मुलांचं भांडण झालं की शिक्षेआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवा. काय झालं, कुणाला लागलं, ते भरून कसं काढायचं, हे त्यांनाच बोलू द्या. मी मनात म्हटलं, शहाद्याची पोरं अशी बोलली तर सूर्य पश्चिमेला उगवेल. पण बोलली. सातवीच्या दोघांनी नळाची तोटी तोडली होती. सतरंजीवर बसल्यावर कळलं की पाणी न मिळाल्यामुळे आपल्या लखनला, म्हणजे आमच्या शिपायाला, दिवसभर विहिरीवरून बादल्या आणाव्या लागल्या. त्या दोघांनी मग आठवडाभर स्वतः पाणी भरलं. लखन त्यांच्या मागे मागे फिरून 'आते राहू द्या रे' म्हणत होता. जिल्ह्याचे अधिकारी पाहून गेले. नोव्हेंबरमध्ये माझ्या निवृत्तीच्या समारंभात याच सतरंजीवर भाषणं होणार आहेत म्हणे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. ती आपल्यासाठीही असते हे परवा कळलं.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात पाचवीच्या प्रवेशासाठी एक बाई आली. सोबत अकरा वर्षांची मुलगी, नाव रोशनी. तोरणमाळच्या अलीकडच्या पाड्यावरची. बाईने मुलीचे सगळे कागद टेबलावर नीट मांडले आणि मग पदराआडून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आणखी एक कागद काढला. तो तिचा स्वतःचा, नववीतून शाळा सोडल्याचा दाखला होता. मी म्हटलं, बाई, आईचा दाखला लागत नाही. ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, माझ्यावर जे लिहिलंय ते माझ्या पोरीला लागणार नाही ना?"

मी कागद उघडला. वर्तणूक, असमाधानकारक. अक्षर माझं होतं. मोहिनी, ती दीपमाला होती. तुझी वेणी कापणारी.

एकोणीस वर्षं आपल्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. तुला तो दिवस आठवत असेलच. कार्यानुभवाचा तास, शिवणकामाची कात्री, आणि तुझी कमरेपर्यंतची वेणी लाल रिबिनीसकट फरशीवर. मी शेजारच्या वर्गातून धावत आले तेव्हा तू रडतही नव्हतीस, नुसती मानेला हात लावून उभी होतीस. त्या केसांना मी दर रविवारी तेल लावत होते. माझा राग खोटा नव्हता. तो मी आजही नाकारत नाही.

पण त्याच्या आधीचे चार दिवस तुलाही ठाऊक आहेत आणि मलाही. माझ्या कपाटातला पावडरचा डबा नाहीसा झाला होता. तो तुझ्या दप्तरात होता. वसतिगृहाच्या मुली चुलीजवळ झोपतात, त्यांच्या अंगाला धुराचा वास येतो, म्हणून तू रोज मधल्या सुट्टीत दीपमालाच्या डोक्यावर पावडर टाकायचीस आणि वर्ग हसायचा. चौथ्या दिवशी तिचे पांढरे झालेले केस मी व्हरांड्यातून पाहिले होते. डबाही ओळखला होता. मी पुढे गेले, मला पेपर तपासायचे होते. आणि बेटा, धुराच्या वासाचं तुला कुणी शिकवलं? मीच. शाळेतून आल्यावर साडी बदलता बदलता मी रोज म्हणायचे, पहाडातल्या पोरी वर्गात बसल्या की नाक धरावं लागतं. तू जेवता जेवता ऐकायचीस. तू चौदा वर्षांची होतीस, मी अडतीसची. कुणाचा दोष किती, हे मोजायला यापेक्षा जास्त गणित लागत नाही.

आता जे लिहितेय ते तुला ठाऊक नाही. पप्पांनाही चार दिवसांपूर्वीच कळलं.

त्या वेळीही शाळेला नियम होते. पायऱ्या होत्या. पहिल्या चुकीला तोंडी समज, दुसऱ्या चुकीला लेखी समज आणि पालकांना बोलावणं, मग शिस्त समिती, आणि सगळं करून थकल्यावरच दाखला हातात द्यायचा. दीपमालाच्या नावावर आधी एकही नोंद नव्हती. पोरगी हजेरीला 'उपस्थित' म्हणायलाही लाजायची. समितीची सचिव मी होते. मोठे सर म्हणाले, पहिल्याच चुकीला दाखला देता येणार नाही, पालकांना बोलावू, दोन्ही मुलींना विचारू. दोन्ही मुलींना विचारलं असतं तर पावडर निघाली असती. मी वर्तन नोंदवही घरी आणली. जुलै महिन्याच्या पानावर मोकळी जागा होती, तिथे निळ्या पेनाने लिहिलं, वर्गात उद्धट वर्तन, तोंडी समज दिली. ऑगस्टच्या पानावर काळ्या पेनाने लिहिलं, सहाध्यायी मुलीस मारहाण, लेखी समज दिली, पालक आले नाहीत. दोन्ही नोंदी एकाच बैठकीत झाल्या, स्वयंपाकघरात, तुझं दूध तापत होतं तेवढ्या वेळात. दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी त्या वाचल्या, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढं सरळ आहे ते. मी त्याला शिस्त म्हटलं.

आणि तिचे वडील आले नव्हते असंही नाही. दाखला निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाहरूभाऊ आले. सोबत पाड्यावरचे चार म्हातारे, चारोळीची एक पिशवी आणि पाय बांधलेली कोंबडी. ती त्यांनी सायकल स्टँडला बांधली आणि निंबाखाली बसले. मी बाहेर गेले तेव्हा वाहरूभाऊ हात जोडून बाजारच्या अहिराणीत म्हणाले, "बाई, आम्हनी पोरनी चूक शे. भरी देवाले उनूत. दोन्ही पोरीस्ले बसाडा." मी म्हटलं, भरून द्यायचं, मुलींना बसवायचं, जे सांगायचं ते अर्जात लिहून द्या. त्यांच्यापैकी कुणाला लिहिता येत नव्हतं. स्टाफरूममध्ये दिवसभर त्या कोंबडीवर विनोद झाले. दाखला परत मिळावा म्हणून लाच आणलीय, असं मीच पहिल्यांदा म्हणाले आणि सगळे हसले. दुपारी ते पाचही जण कोंबडी घेऊन एसटी स्टँडकडे गेले.

पुण्याच्या त्या मुली पडद्यावर बाण आणि गोल दाखवत होत्या ना, तेव्हाच मला निंबाखालचे ते पाच जण आठवले होते. त्यांच्याकडे भांडण झालं की दोन्ही घरं पंचांपुढे बसतात, जिच्याकडून चूक झाली तिचं घर भरून देतं आणि मग सगळे एकत्र जेवतात. त्यांना ते कुणी पडद्यावर शिकवलेलं नव्हतं. ती कोंबडी लाच नव्हती, मोहिनी. ती तुझ्या केसांसाठी होती. हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं आणि मी गप्प राहून सतरंजीचे फोटो काढून घेतले. याची मला त्या दोन नोंदींपेक्षाही जास्त लाज वाटते. तेव्हा निदान रागात होते.

दीपमालाला मी त्या दिवशी पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. दोन पेनांसकट. रोशनी बाहेर व्हरांड्यात फळ्यावरचा सुविचार वाचत होती. दीपमालाने तो कागद पुन्हा पिशवीत गुंडाळला. मग म्हणाली की तो दाखला घेऊन तिचे वडील धडगावला आणि इथल्या आणखी दोन शाळांत फिरले. सगळ्यांनी तो एक शब्द वाचून कागद परत दिला. पुढच्या वर्षापासून ती ऊसतोडीला जाऊ लागली. गणितात तिला वर्गात दुसरे गुण असायचे. पहिले तुला असायचे.

मी संस्थेच्या अध्यक्षांना लेखी दिलं आहे. नोंदी खोट्या आहेत, माझ्या हातच्या आहेत, दाखल्यावरचा शेरा बदलावा, असं. पप्पा भडकले ते यावरून. "झाकी मूठ सवा लाखनी. पाच महिना ऱ्हायनात तुले, आते कसाले उकरी ऱ्हायनी?" एवढं बोलून ते जे गप्प झाले ते झालेच. त्यांचंही खोटं नाही. चौकशी लागेल, समारंभ बहुधा होणार नाही, निवृत्तीचे कागद अडकतील. पोरांना मी सतरंजीवर बसवून खरं बोला म्हणते, आता माझी पाळी आली तर अंग चोरून कसं चालेल?

रोशनीचा प्रवेश झाला. गेल्या शनिवारी तिला वसतिगृहात सोडायला आजोबा आले होते, वाहरूभाऊ. म्हातारे झालेत, एका डोळ्याने दिसत नाही. दीपमालाने त्यांना सगळं सांगितलेलं होतं. मला वाटलं, आता हे मला दोन शब्द सुनावतील, आणि मला ते हवेच होते. पण त्यांनी माझ्यापुढे हातच जोडले. "बसनं बाकी शे, बाई," म्हणाले. त्यांच्या लेकीने एका मुलीचे केस कापले आणि ते भरून द्यायचं राहिलं, ही गोष्ट त्यांना एकोणीस वर्षं टोचते आहे. मी म्हटलं, भाऊ, भरून तर आम्ही द्यायचं आहे. त्यावर ते म्हणाले की कुणी काय द्यायचं ते बसल्यावर ठरतं, आधी ठरत नाही. मग विचारलं, "तुम्हनी पोरना केस उनात का परत?" मी नुसती मान हलवली.

म्हणून हे पत्र. १३ जुलैला, रविवारी, त्यांच्या पाड्यावर बसायचं ठरलं आहे. दीपमालाने मला एवढंच सांगितलं की मॅडम एकट्या आल्या तर अर्धंच होईल, जिची वेणी कापली तीही हवी, कारण दीपमालाला तुझ्याशी बोलायचं आहे. तुलाही तिच्याशी काही बोलायचं असेल, असं मला वाटतं; भाग्येशसाठी तू जे मागत होतीस तेच तिथे मिळतं, दोघांचंही ऐकून घेतात. शनिवारी आलीस तर इथे मुक्काम कर. नाहीतर रविवारी सकाळी शहादा स्टँडवर तोरणमाळच्या गाडीजवळ मी उभी असेन. राग आला असेल, यायचं नसेल, तर येऊ नकोस, मी तुला फोन करून मनवणार नाही. मी एकटी जाईन आणि माझं सांगेन. पण तिथे तुझ्या वतीने एक शब्दही बोलणार नाही. तुझ्या वतीने मी एकदा लिहिलं आहे, निळ्या आणि काळ्या पेनाने, आणि ते आजही एका पोरीच्या पिशवीत आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तुझीच,
आई