घंटेत घेतलेलं नाव

४ नोव्हेंबर २०१७
आलो एकदाचा! डहाणूहून तलासरीकडे जाताना आत, माझ्या स्वतःच्या चिकूच्या वाडीत. सायकलवर बांगड्या विकणारा जीवन आता शेठ झाला, तेव्हा रोजनिशी लिहायला हरकत नाही. स्वयंपाकाला हिराबाई आहे. चिंचणीच्या सुक्या बोंबलांची चटणी करते झकास. वाडीला लागूनच फिरंग्यांच्या जुन्या चर्चच्या भिंती आहेत. छप्पर कधीच गेलं. घंटा तेवढी गावदेवीसमोरच्या चिंचेला टांगलीय. आतला लोलक नाही, म्हणून मुकी. तिचा मान हिराबाईच्या नवऱ्याचा, लडक्याचा.

९ नोव्हेंबर
कान माझे पहिल्यापासून तिखट. दिवेलागणीला लडक्या घंटेत तोंड घालून पुटपुटतो, ते ओट्यावरून ऐकलं. नावं घेतो. तुक्या, सुकी, लाहू... पाद्री गेले तेव्हा त्यांचा घंटा वाजवणारा लडक्याचा पूर्वज होता म्हणे. नावं तेव्हापासून बापाकडून मुलाकडे. गावाचा इतिहास तो एवढाच. पण तुक्या, सुकी, लाहू तर माझ्याच वाडीत चिकू उतरवतात! गड्यांची नावं घंटेत आणि शेठचं नाही?

११ नोव्हेंबर
लडक्याला म्हटलं, माझंही नाव घाल. तो हसला. "घाई कशाला शेठ? टाईम आला का मीच घेईन." लाहू मागून म्हणाला, शेठला सगळंच कच्चं उतरवायची सवय. गडी खिदळले. मीही हसलो. वरवर.

१५ नोव्हेंबर
मुंबईच्या एक बाई चर्चचा इतिहास लिहायला आल्या. मी खुर्ची टाकली, चहा सांगितला. त्या दिवसभर लडक्याजवळ मातीत बसून. मला विचारलं एवढंच, की संडास कुठेय. जळलो. खोटं कशाला लिहू?

१६ नोव्हेंबर
आज लडक्याच्या आधी गेलो. घंटेत तोंड घालून मोठ्यानं म्हटलं, जीवन. सगळ्यांच्या आधी माझं. आवाज घुमला नाही. कुणी गिळावा तसा गेला.

१७ नोव्हेंबर
सकाळपासून कुणीतरी "जीवन" म्हणून हाक मारतंय. चिंचेकडून. इथे तर मला सगळे शेठच म्हणतात. हिराबाईला सांगितलं, तिच्या हातातला डाव पडला. घंटेत फक्त गेलेल्यांची नावं घेतात म्हणाली. घंटेतले तुक्या, सुकी, लाहू हे गड्यांचे गेलेले आजे-आजी. त्यांचीच नावं नातवंडांना ठेवलीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाक आली तर ओ देऊ नका. ओ दिली का तुम्ही घंटेचे."

१८ नोव्हेंबर
निघून जावं म्हणून फाटकात उभा राहिलो. रिक्षा समोरून गेली, थांबली नाही. तुक्याला हाक मारली — वळला नाही. सुकीला — नाही. मला कुणीच ओ देत नाही. मागून मात्र — जीवन, जीवन —

१९ नोव्हेंबर
हिराबाईनं माझं जेवण पानावर वाढून कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. हात जोडले. मी शेजारीच उभा. लाहू म्हणाला, शेठ तसे बरे होते.
होते —

२० नोव्हेंबर
दिवेलागण. ओट्यावर लिहितोय. लडक्या चिंचेखाली. गडी हात जोडून — पहिलं नाव — जीवन. माझं. सगळ्यांच्या आधी. इतकं मायेनं घेतलं — तोंड दाबून धरलंय — ओ द्यायची नाही — आता तुक्या म्हणाला. सुकी. पुढे चालला, मला सोडून — त्यांची नावं किती लांबवतोय — माझं परत घे ना, लडक्या — मी इथे आहे — ओ