आवाज नेमका कधी तुटला

१२ जानेवारी, सोमवार
जालन्याहून आत्ताच आलो. बस खचाखच, उभ्यानंच. डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून घसा पाह्यला, मलाही स्क्रीनवर दाखवला. एकोणीस वर्षं कोर्टात शिपाई म्हणून ज्या घशानं लोकांची नावं पुकारली, तो आज पहिल्यांदा दिसला. गुलाबी, ओला, दिसायला बिलकुल ठणठणीत. गाठ न्हाई, फोड न्हाई. मंग तुटतो का? बाई म्हणल्या, वही करा. कुठं तुटतो, कुठं न्हाई, रोज लिहा.

कधीपासून, असं विचारलं. म्हणलं तारखेसकट सांगतो. चोवीस सालचा मे, आई गेली तो दिवस. सरणाजवळ सगळ्यांदेखत मोठ्या भावावर ओरडलो, "आण्णा, तू मारलं आईला. मला कळवलं न्हाई." आण्णा म्हणला, "याच तोंडानं बोलला ना? बसंल तुझी वाचा." तेव्हापासून दोघं भाऊ बोलत न्हाई. आणि वाचा बसली.

बाई हसल्या न्हाईत. म्हणल्या, "हे बहुतेक हळूहळू येतं. त्याच्या आधीचं काही रेकॉर्डिंग असेल तर आणा."
पटलं न्हाई. पण वही घेतली.

१३ जाने.
आ. म्हणजे आवाज. रोज पूर्ण लिहायला वेळ कुणाला.
चहा मागताना आ. तुटला. हसताना चांगला. जांभई खणखणीत. कुजबुजताना एकदम बराबर. फोनवर सगळ्यात बेकार.
गल्लीतल्या कुत्र्याला हाड म्हणलो तर जुन्यासारखा निघाला. कुत्रं दचकलं, मी पण दचकलो.
कमालच आहे. माणसाशी बोलायचं म्हणलं की कुणीतरी आतून घसा मुठीत धरतं, आणि कुत्र्यासाठी सोडून देतं. असा कसला आजार?

१६ जाने.
एक गोष्ट सापडली! कोर्टात सकाळी बोर्ड लागतो, दिवसाच्या प्रकरणांची यादी. पहिले मी ती नीट पाहातही नव्हतो. आता आधी नावं पाहातो, मंग चहा. काशिनाथ, पार्वती, सखाराम, फकिरा... ही नावं निघतात. आसाराम, उत्तम, एकनाथ, अनसूया अडकतात. चार दिवसांचे बोर्ड घरी आणून पेन्सिलीनं खुणा केल्या. अ, आ, उ, ए, सगळे आरोपी. क, प, स निर्दोष सुटले.

सु.ला दाखवलं. माझी बायको कशाचंही कवतिक पटकन करत न्हाई. म्हणली, "माझं नाव सुमन ठेवलं म्हणून संसार टिकला म्हणायचा."
हसलो. हसताना आ. चांगला.
आण्णाच्या नावावर पण खूण केली. मोठ्यानं म्हणून पाह्यलं न्हाई.

१९ जाने., सोम.
आज वाईट झालं.
अनसूयाबाई, हद्दीचं प्रकरण, तीन वर्षांपासून येऊन राह्यली. कायम त्या लांबच्या लिंबाखाली बसते, कारण माझा आवाज तिथपर्यंत जातो हे तिला माहीत आहे. दारात उभा राहून तीनदा पुकारलं. तिन्ही वेळा पहिलं अक्षर घशातच. बाहेर गेलं ते नुसतं "...या". बाई आली न्हाई. गैरहजर म्हणून प्रकरण काढून टाकलं.
अर्ध्या घंट्यानं आली. "दादा, माझं नाव कव्हा येतंय?"
मी स्वतः आत जाऊन सांगितलं, चूक माझ्या घशाची आहे, बाई इथंच होती. जज मॅडमनी दुपारून प्रकरण परत बोर्डावर घेतलं. मंग मला चेंबरमध्ये बोलावलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "नामदेवराव, महिनाअखेरपर्यंत पाहू. नाहीतर पुकारा दुसऱ्या कुणाकडे देऊ, तुम्ही रेकॉर्डरूम सांभाळा."
रेकॉर्डरूममध्ये कुणाला हाक मारायची? उंदरांना?
मला पुकारा पाहिजे. हे इथं लिहून ठेवतो, कुणापुढं बोलणार न्हाई.

२१ जाने.
साक्षीदार भरपूर, पुरावा कुणाकडं न्हाई.
चहावाला: कुणीतरी पानातून शेंदूर चारला, त्यानं वाचा जाते. (मी पान खातच न्हाई.)
शेजारचा वकील: टेन्शन.
माझी मेव्हणी: नजर.
सु.: "ते शापाचं आहे. आण्णांची माफी मागा, उतरंल."
म्हणलं, माफी त्यानं मागायची. आई दोन दिवस तापानं फणफणली, तिसऱ्या दिवशी मला फोन.
हे बोलताना प्रत्येक शब्द तुटला. सु. उठून भाकरी करायला गेली.

पण खरं सांगू? शापाचा भाग मला पण आतून पटतो. तारीख जुळते ना. वाईट याचं वाटतं की आण्णाच्या एका वाक्यात एवढा जोर, आणि माझ्या तीन पुकाऱ्यांत लिंबापर्यंत जायचं बळ न्हाई.

२३ जाने.
बाईंनी सांगितलेलं जुनं रेकॉर्डिंग शोधलं. माझा मोबाइल गेल्या वर्षी पाण्यात पडला, नवा घेतला, जुनं सगळं गेलं. लग्नाच्या व्हिडिओंत मी फक्त जेवताना दिसतो.

मंग एकदम आठवलं. आण्णाला वाचता येत न्हाई. मेंढ्यांमागं सतत फिरतीवर, फोन लागला तर लागला. म्हणून आम्ही दोघं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायचो. पाऊस कुठं पडला, मेंढ्यांचा वाडा कुठं टाकला, आई कशी आहे. मी पण बोलूनच उत्तर द्यायचो. वर्षानुवर्षं. आणि आण्णा मोबाइलमधलं काहीच पुसत न्हाई.
म्हणजे माझा जुना आवाज आहे. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच खिशात.

२४ जाने.
जाऊ का नको. सु. म्हणते रविवारी अंबडच्या बसनं जा, त्यांच्या मेंढ्या फाट्याजवळच्या वावरात बसल्यात. हिला कसं माहीत? "जाऊबाई आणि मी बोलतो. भांडण तुमचं आहे, आमचं कशाला?"
पावणेदोन वर्षं! घरात राहून मला पत्ता न्हाई.

२५ जाने., रवि.
सगळं लिहायला जमंल का न्हाई... लिहितो.

फाट्यावर उतरलो. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेलं वावर, त्यात मेंढ्या. आण्णा पल्याड पाठमोरा. बांधावर उभा राहून हाक मारली. अडकली. पुन्हा. अडकली. तिसऱ्यांदा "...ण्णा" एवढं निघालं, तेव्हा वळला.
जवळ आल्यावर म्हणला, "पहिल्यालाच ऐकू आल्तं."
"मंग?"
"तिसऱ्यापर्यंत थांबतो का जातो, पाहून राह्यलो."

तेवढ्यात एक कोकरू बांधावरून उतरलं. मी सवयीनं हाळी दिली, लहानपणी द्यायचो तशी. काय आवाज निघाला! सगळं वावर वळलं. आण्णा माझ्या तोंडाकडं पाहातच राह्यला. "हा तर शाबूत हाय की."
नोंद: मेंढ्यांना आ. चांगला. बिलकुल जुना.

वहिनीनं चहा दिला. मी कामाचंच बोललो, जुने मेसेज ऐकायचेत, डॉक्टरनं सांगितलंय. माझी पुतणी ज्योती, बारावीला आहे, तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून आण्णाचा मोबाइल काढला, मागं मागं गेली. मी वही मांडीवर घेऊन बसलो.

दिवाळी २३: साफ. अरे, हा मी? किती बडबडतो!
डिसेंबर: साफ.
संक्रांत: "आण्णा" वर किंचित अडकला. ज्योतीला तीनदा लावायला सांगितलं. अडकलाच.
शिवरात्र: चार ठिकाणी तुटला.
गुढीपाडवा: सगळा तुटलेला.
आई गेली मे महिन्यात. शाप मे महिन्यात. तुटायला लागला संक्रांतीला.
चार महिने आधी. आण्णा सुटला. मी तसं मोठ्यानं म्हणलं पण, "शापाचं काही न्हाई, तू सुटला." वाटलं हसंल.

आण्णा हसला न्हाई. खाली पाहून म्हणला, "मला काय ठाऊक आजार हाय ते. तू असा आवळून आवळून बोलायचा. मला वाटायचं, आपला फोन जड होऊन राह्यला याला. कोर्टातला माणूस, साहेब लोकांत असतो, मेंढक्या भावाशी बोलायला लाज वाटत असंल. म्हणून मी कमी केलं. आईला ताप आला तव्हा पण... म्हणलं कशाला त्याला तकलीफ. उतरंल उद्या."

वहिनी म्हणली, आईंना ताप आला त्या रात्रभर हे मोबाइल हातात धरून बसले होते.

इतके दिवस समजत होतो, भांडणामुळं आवाज गेला. उलटं होतं. आवाज आधी गेला, म्हणून फोन आला न्हाई, म्हणून मी... सरणाजवळ... ते वाक्य.

ज्योतीनं विचारलं, "काका, आजीचा पण एक आहे. लावू?"
पाडव्यानंतरचा. आईनं आण्णाच्या मोबाइलवरून बोलून पाठवलेला. "नामा, आवाज असा का येऊन राह्यला रे तुझा? जेवला का न्हाई?"
खाली माझं उत्तर. बोललेलं न्हाई. अंगठा.
बोलायला त्रास व्हायचा म्हणून तेव्हा मी सगळ्यांना अंगठेच पाठवायचो. हे पण मी विसरून गेल्तो.

२६ जाने.
झेंड्याला गेलो. राष्ट्रगीतात आ. चांगला. गाताना तुटत न्हाई, हे नवीन.
बाकी लिहावं वाटत न्हाई.

२७ जाने.
आईनं ओळखलं होतं. डॉक्टरच्या पावणेदोन वर्षं आधी, मोबाइलवरून, वावरात बसून. कॅमेरा न्हाई, काही न्हाई.
आण्णाला सॉरी म्हणलो का काल-परवा? न्हाई. निघताना "येतो" म्हणलो. लाज वाटते.

३० जाने.
पुकारा गेला. सोमवारपासून शीतल करील, नवीन लागलेली पोरगी. मॅडम म्हणल्या, सुधारला की परत तुमचाच. त्यांच्या मनात खोट न्हाई.
शीतलला दाराच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते दाखवलं. भिंतीकडं तोंड करशील तर आवाज मागं फिरतो. लिंबाखाली बसणारे लोक तोंड पाहात न्हाईत, कानानं येतात. पोरगी म्हणली, "सर, तुम्ही कुजबुजून सांगता तेव्हा किती छान बोलता." रडू आलं, संडासात जाऊन आलो.

३ फेब्रुवारी, मंगळ.
जालना. बाईंना वही दिली, ज्योतीनं पाठवलेले मेसेज ऐकवले. बाई खूश! पोरीनं लिहून आणलेला निबंध वाचावा तशा वाचत बसल्या. अ-आ-उ च्या नोंदीखाली दोन रेघा मारल्या, "हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं."
नाव सांगितलं: स्पाझ्मोडिक डिस्फोनिया. घशाचं काही बिघडलेलं न्हाई, मेंदूकडून घशाला जाणारा हुकूम चुकतो. बोलताना घशातले आवाजाचे पडदे गच्च मिटतात.
कशामुळं?
"खरं उत्तर, माहीत नाही. ताणानं वाढतो, पण ताणामुळेच झाला असं म्हणता येत नाही. काहींना सर्दीतापानंतर सुरू होतो. क्वचित घरात आणखी कुणाला असतो. शापानं होत नाही, एवढं लिहून देते."
म्हणलं, ते आम्ही आधीच निकाली काढलं.
संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात घशात इंजेक्शन देतात. पडदे ढिले पडतात. पहिले काही दिवस आवाज हवेसारखा येईल, पाणी पिताना ठसका लागेल. मंग काही महिने बरं, मंग परत इंजेक्शन. सगळ्यांना सारखं लागू पडत न्हाई. बाईंनी तिथं फोन लावला, सोमवारी या म्हणाले.

५ फेब्रु.
आण्णाचा मेसेज, पावणेदोन वर्षांत पहिला. मी बाईंचं "घरात आणखी कुणाला" विचारायला ज्योतीला कळवलं होतं, त्यावर.
"नामा, आपली धोंडाआत्या आठवती का? बोलली की रडल्यावाणी वाटायचं. सारे रडकी म्हणायचे तिला. मी पण म्हणायचो. ती खरंच रडायची का रं?"
आठवली. नाक पुसत न्हाई, डोळ्यात पाणी न्हाई, तरी आवाज कापायचा. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. मीच सगळ्यात चांगली करायचो.
तिचं रेकॉर्डिंग असणार कुठं? तिला जाऊन वीस वर्षं झाली. कुणाला विचारू? तिला कोंबड्यांना हाक मारताना कुणी ऐकलंय का? ती गाताना कशी होती? कुणीच पाह्यलं न्हाई.

८ फेब्रु., रवि.
उद्या सकाळच्या गाडीनं संभाजीनगर. आण्णा फाट्यावर चढणार, सोबत येतो म्हणला. मेंढ्या ज्योती आणि वहिनी पाहतील.

बाईंनी सांगितलंय, इंजेक्शनच्या आधीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, नंतर ताडून पाहता येईल. काहीही वाचा, पेपर वाचा.
पेपर घेतला, ठेवून दिला. ज्योतीनं पाठवलेला आईचा मेसेज काढला, पुन्हा ऐकला. किती वेळा झाला, आता मोजत न्हाई. मंग आण्णाच्या नंबरवर बटण दाबून बोललो.

"आई, जेवलो. आवाजाचं काय ते पाहून राह्यलो. आण्णाला मी बोललो ते चूक बोललो."

"आई" चे दोन तुकडे झाले. "आण्णा" निघालाच न्हाई नीट. तसाच पाठवला. दोनदा निळ्या खुणा आल्या का न्हाई पाहायला उठलो. सु. म्हणली बसा, ते काय पळून जात न्हाईत.

आण्णाचं उत्तर आलं आत्ता. आधी नुसताच मेंढ्यांचा आवाज, बराच वेळ. मंग म्हणला, "पहिल्या खेपंला नीट कळलं न्हाई. तीनदा लावला. आता कळलं. सकाळी आठला फाट्यावर उभा ऱ्हातो."