पाव खाल्लेली पाहुणी

मुक्काम: बेकरीची गच्ची
वार: भट्टीच्या सुट्टीचा

तीर्थरूप मामांस,

तुमच्या खुराड्याच्या शिडीखालूनच (जोडे काढून, पाय पुसून) साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तुमची कंबर काय म्हणते? मामीचा गुडघा? आणि ज्याचं उत्तर तुम्ही खरोखर देणार आहात ते शेवटी विचारतो, कबुतरं कशी आहेत? मामीचा गुडघा डावा दुखतो की उजवा, हे तुम्हाला शेजारणीकडून कळतं, पण कुठल्या कबुतराची शीट आज हिरवट पडली ते तुम्ही चहाच्या आधी सांगता. मामी एकदा म्हणाली होती, पुढच्या जन्मी मला पिसं फुटू देत, म्हणजे तरी हे माझ्याकडे निरखून बघतील. गिऱ्हाइकाचं माप घेतानासुद्धा तुमचा एक डोळा छपरावर असतो. निम्म्या गल्लीच्या पँटी आखूड का, हे मला बाहेर पडल्यावर कळलं. इथल्या लोकांच्या पँटी घोट्यापर्यंत येतात.

फोन न करता पत्र का लिहितोय म्हणाल, तर फोनवर तुम्ही मध्ये बोलता. पत्राला मध्ये बोलता येत नाही. (आत्ता तुम्ही मध्ये बोललात, मला ऐकू आलं.)

मामीने मागच्या फोनवर सांगितलं की मास्तरीण नाहीशी झाल्यापासून (पंख पाठीशी दुमडून, वर्गात फेऱ्या मारल्यासारखी चालायची म्हणून मीच तिचं ते नाव ठेवलं होतं) तिचा नर, आपले जावईबापू, अजून धड दाणा टिपत नाहीत, आणि कंपाउंडरकाकांच्या मांजराने तिला खाल्लं म्हणून तुम्ही काकांशी सहा महिने बोलत नाही. भिंतीला भिंत लागून घर, वीस वर्षांची ओळख, आणि अबोला मांजरावरून. मामा, त्या मांजराला खाताना कोणी पाहिलं का? मी आपलं सहज विचारतो. कुणावर असा एकदम आळ घेऊ नये असं मला हल्ली फार वाटायला लागलंय.

आता माझं. सहा महिन्यांत माझी ही तिसरी नोकरी. तुम्ही म्हणाल, भिंगरी लागलीय पायाला. गॅरेजमध्ये मला स्क्रू उरायचे, फर्निचरच्या दुकानात ते पुरायचे नाहीत, म्हणून बेकरीत आलो. इथे स्क्रू नाहीत. पीठ मळायचं, तवे लावायचे, आणि राहायला गच्चीवरची खोली. या गच्चीवर एक मादी आहे. एका मित्राची. (मित्राविषयी खाली लिहितो.) तिला आम्ही पाहुणी म्हणतो. स्वभावाने जरा कडक, पण माझ्या खांद्यावर बसून जेवते. दिवसभर मी ज्यांच्याशी बोलतो त्यात ती एकटीच माझं पूर्ण ऐकून घेते.

चूक माझीच झाली. बेकरीत उरलेल्या पावाचा ढीग आणि वर भुकेलं पाखरू. मका, वाटाणे, बाजरी शोधत बाजारभर कोण फिरणार? तुम्ही कानीकपाळी ओरडून सांगायचात, कबुतराला कोरडा दाणा, रोज ताजं पाणी, विटेची नि चुन्याची बारीक खडी आणि आठवड्याला आंघोळ. त्यातली आंघोळ तेवढी मी पाळली, कारण ती फुकट होती. बाकी तीन आठवडे पाव. तिला आवडायचा हो! मग एका सकाळी बघतो तर पाहुणी पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली, गळ्याखालची पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी लोंबतेय, तोंडाला आंबूस वास, आणि शीट... मामा, तुम्ही असता तर बघून खालीच बसला असतात. छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागलं.

बाजूच्या रस्त्यावर जनावरांच्या डॉक्टरीणबाई बसतात. न्यायला पिंजरा नव्हता, म्हणून बेकरीचंच केकचं खोकं घेतलं आणि त्याला सुरीने भोकं पाडली. दवाखान्यात रांग नुसती कुत्र्यांची. एक बाई आपल्या लठ्ठ कुत्र्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, खरं तर त्यांच्यावरच तो बसला होता. मला म्हणाल्या, "कुणाचा वाढदिवस?" तेवढ्यात खोक्यातून गुटर्र झालं आणि कुत्र्याने त्यांच्या पदरात जे करायचं ते केलं. वाढदिवसाचं मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी चोच उघडून घशात बॅटरी मारली (आत घशाच्या रोगाचं पिवळं काही नव्हतं, देवाची कृपा), पिशवी चाचपली आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "हिला पाव कोण घालतं?" मी मान खाली घातली. "पिशवीत आंबलाय सगळा. पाव बंद म्हणजे बंद. पाव विष आहे हिला." आणि हे त्या खोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, मामा! खोक्यावर आमच्या बेकरीचं नाव, बोटभर जाड अक्षरात.

पदरवाल्या बाई आमच्या रोजच्या गिऱ्हाईक निघाल्या. मी औषधाचे थेंब घेऊन परत येईपर्यंत बातमी बेकरीत पोचली होती, आणि वाटेत तिने बाळसं धरलं होतं. मालक गल्ल्यामागून उठले. (ते उठतात तेव्हा काहीतरी झालेलं असतं.) "माझ्या बापाच्या वेळेपासून लोक हा पाव खातात," म्हणाले, "आजवर कोणी पिसं फुलवून बसलं नाही! ते पाखरू मेलं ना, तर लोक मला दारात विचारतील. आठ दिवसांत ते बरं झालेलं दिसलं पाहिजे. नाही झालं तर तू तुझा बोजा उचल." म्हणजे माझी नोकरी आणि खोली, दोन्ही आता पाहुणीच्या पोटात होती.

मग मला तुम्ही आठवलात. पहिला दिवस उपास, नुसतं पाणी आणि औषध. दुसऱ्या दिवसापासून चिमूटभर बाजरी, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बसायला कोरडी फळी, वाऱ्याला आडोसा, ऊन मात्र भरपूर. मालक "मेलं का?" असं विचारायला म्हणून पहिल्या दिवशी वर आले. दुसऱ्या दिवशी "कसं आहे?" म्हणाले. चौथ्या दिवशी न विचारता माझ्या बाजूला उकिडवे बसले आणि शीट बघून म्हणाले, "कालच्यापेक्षा घट्ट वाटते." मामा, मला तुमच्या शेजारी बसल्यासारखं वाटलं. खाली गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि वर दोन मोठी माणसं शिटेकडे डोळे लावून बसलेली. सातव्या दिवशी शीट चांगली गोळीसारखी पडली, वर पांढरी टोपी. मालकांनी टाळी वाजवली आणि पावाच्या लाकडी खोक्यांचं दोन खणांचं खुराडं स्वतः ठोकून दिलं. (स्क्रू मला धरू दिला नाही.)

आठवा दिवस आंघोळीचा. ती केकच्या साच्यात मनसोक्त डुंबली, उन्हात पंख पसरून वाळली, कठड्यावर चढली, आणि उडाली. पहिली फेरी मारली तेव्हा मालक म्हणाले, "बघ, कशी ठणठणीत!" दुसऱ्या फेरीला त्यांनी खालच्या गिऱ्हाइकांना हाका मारून वर बघायला लावलं. तिसरी फेरी उंच झाली, मग तिने तोंड वळवलं आणि सरळ रेघ धरली. तेव्हा मला कळलं. मालकांना अजून कळलेलं नाही. बेकरीचं नाव राहिलं, माझी नोकरी राहिली, आणि ते रोज संध्याकाळी नव्या खुराड्यात बाजरी ठेवून म्हणतात, "येईल, लांब गेली असेल फिरायला."

मामीला नमस्कार. चुकलंमाकलं पोटात घाला. (पावाशिवाय सगळं पोटात मावतं.)

तुमचा भाचा

ता. क. मित्राविषयी खाली लिहितो म्हटलं होतं. मित्र नाही.

ता. क. २. पाहुणी म्हणजे आपली मास्तरीण. निघताना तुम्ही म्हणालात, "तू कुठेच टिकत नाहीस, कबुतरं बरी, घरी तरी येतात." मला राग आला. आणि अनोळखी गावात एकटं जायची भीतीही वाटली, पण ती तेव्हा सांगितली नाही. मामीने दिलेला डबा स्टँडवरच संपवला आणि पिशवीत मास्तरीण. उडून जाऊ नये म्हणून मी तिच्या एका पंखाची लांब पिसं कापली होती. कापलेलं पीस झडून नवं येतं हे तुम्हीच मला शिकवलं, पण मी रोज शीट बघत बसलो, पंख बघायचा राहिला. बसचे बारा तास म्हणजे तिला एक दिवस. पोचली असेल तर या पत्राच्या आधीच पोचली असेल, म्हणजे वरचं सगळं तुम्ही शिव्या देतच वाचलं असेल. तिला पाव देऊ नका. मागेल ती.

ता. क. ३. खरं काम हे. मोठं कबुतर परकं छप्पर आपलं मानत नाही, पिल्लू आणलं तर मानतं, असं तुम्ही म्हणता. जावईबापूंचा संसार पुन्हा लागला की त्यांची पहिली पिल्लं, दाणा टिपायला लागली की, घेऊन तुम्ही स्वतः या. खुराडं तयार आहे. मी इथे टिकेन असं वाटतंय. मालकांची पँटही शिवायची आहे, माप मी घेऊन ठेवलंय.

ता. क. ४. तिच्या उजव्या पायात केकच्या खोक्याचा लाल दोरा आहे, ओळख म्हणून मी बांधला होता. तो तसाच ठेवून तिला आधी कंपाउंडरकाकांना दाखवा. मांजराला गाठ मारता येत नाही. काका हसले तर हसू द्या, आणि मांजराला एक वाटी दूध माझ्याकडून.